विहिरीतलं जांभळं औषध आणि पटकी

नीरा-भीमेच्या संगमावरचं नरसिंहपूर तुमच्यापैकी अनेकांच्या कुलदैवताचं गाव. नृसिंह जयंतीची यात्रा वैशाखात, नदीचं पाणी कमी असताना भरते. इथून भीमा पुढे पंढरपूरला जाते, तिथे आषाढीला लाखो वारकरी येतात. नळ नव्हते तेव्हा एवढी माणसं नदीचं आणि विहिरींचं पाणी पीत. त्यातूनच पटकी, म्हणजे कॉलरा पसरे. लोक म्हणत, मरीआईचा कोप झाला.

१८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात रुग्णांच्या आतड्यांत आणि तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला. पुढच्या दशकात आग्र्याचे सरकारी रसायन परीक्षक अर्नेस्ट हँकिन यांनी उपाय सुचवला: विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाका. पुढे अनेक वर्षं गावोगावी तो वापरला गेला.

या जांभळ्या औषधाने जंतू मरतो कसा? शाळेतलं ऑक्सिडीकरण आणि क्षपण आठवा. ज्याचे इलेक्ट्रॉन जातात त्याचं ऑक्सिडीकरण होतं, ज्याला ते मिळतात त्याचं क्षपण. देणारा असल्याशिवाय घेणारा नसतो, म्हणून दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात. परमँगनेट जंतूचे इलेक्ट्रॉन ओढून घेतं, जंतूची मोडतोड होते. त्याच वेळी परमँगनेटचं क्षपण होतं: जांभळा रंग जातो आणि तपकिरी गाळ खाली बसतो.

म्हणजे रंग गेला, की औषध संपलं! पाण्यातला पालापाचोळा आणि घाणही औषध खाऊन टाकते. म्हणून हलका गुलाबी रंग टिकेल इतकं औषध टाकावं लागे.

परमँगनेटने पाण्याचा रंग आणि चव बिघडते, शिवाय इतर अनेक जंतूंवर त्याचा भरवसा नाही. त्यामुळे ते मागे पडलं. घरी पिण्याच्या पाण्यात ते टाकू नका. आज ग्रामपंचायत वापरते ती टीसीएल पावडर. तिच्यातला क्लोरीनही इलेक्ट्रॉन ओढूनच जंतू मारतो आणि काम करताना स्वतः खर्च होतो. तो शिल्लक आहे का, हे ओटी टेस्टने कळतं. नमुन्यात औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन उरला आहे. हा पिवळा रंगही ऑक्सिडीकरणानेच येतो.

"डॉक्टर, नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून आम्ही बोअरचं पितो," असं मला अनेकजण सांगतात. तो हलका वास म्हणजे पाण्यात पहारेकरी अजून जागा असल्याची खूण आहे. वास नको असेल, तर पाणी भांड्यात थोडा वेळ उघडं ठेवा, वास कमी होतो. मात्र नंतर झाकून ठेवा आणि ओगराळ्यानेच घ्या.

पावसाळ्यात पाणी गढूळ आलं, तर आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी गाळून घ्या आणि मगच क्लोरीनचं औषध टाका. गाळातच औषध खर्च झालं, तर जंतूंसाठी काय उरणार? औषध नसेल, तर पाणी चांगलं उकळून प्या.