बारीक रेघ, जाड रेघ

स्टेनोच्या वहीत डावीकडून उजवीकडे तिरपी उतरणारी बारीक रेघ म्हणजे ‘प’. तीच रेघ दाबून काढली की ‘ब’. उभी रेघ बारीक असेल तर ‘ट’, जाड असेल तर ‘ड’. आडवी बारीक रेघ ‘क’, जाड रेघ ‘ग’. सरकारी कार्यालयांत आणि कोर्टांत डिक्टेशन घेणाऱ्या हातांनी वर्षानुवर्षे गिरवलेल्या या रेघांचे कूळ १८३७ सालच्या इंग्लंडमध्ये आहे.

लघुलेखन त्याहून कितीतरी जुने. रोममध्ये सिसेरोचा सचिव टायरो खुणांच्या लिपीत मजकूर टिपून घेई. १५८८ मध्ये टिमथी ब्राइटने इंग्रजीसाठी चिन्हे बांधली, पण ती शब्दाशब्दाला वेगळी. पाचशेहून अधिक खुणा पाठ कराव्या लागत. १७८६ मध्ये सॅम्युअल टेलरची सुटसुटीत पद्धत आली. आयझॅक पिटमन हा तरुण शाळामास्तर आधी तीच शिकला आणि मग १८३७ मध्ये त्याने स्वतःची पद्धत रचली.

पिटमनने स्पेलिंग सोडून दिले आणि उच्चार धरला. ‘प’ आणि ‘ब’ म्हणताना ओठ सारखेच मिटतात. ‘ब’ला घशात कंप तेवढा जास्त. म्हणून दोघांना रेघ एकच, फक्त जाडी वेगळी. आपल्या वर्णमालेत प आणि ब, क आणि ग एकाच वर्गात बसतात ते याच उच्चारशास्त्रामुळे. उच्चारावर उभी असलेली ही पद्धत मराठी लघुलेखनाचाही पाया झाली, यात म्हणूनच नवल नाही.

स्वरांची युक्ती तर फारच सुंदर. त्यांच्यासाठी ठिपके आणि छोट्या रेघा आहेत, पण वेगात ही चिन्हे गाळली जातात. मग ओळीवरची जागा बोलते. ‘प’ची रेघ ओळीच्या वर असेल तर ‘पा’, ओळीवर टेकली तर ‘पे’, ओळ छेदून गेली तर ‘पी’. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीचे टपाल सुरू झाले, तेव्हा पिटमनने सगळी पद्धत एका तक्त्यावर छापून पेनीला विकली आणि टपालानेच शिकवण्या चालवल्या.

महाराष्ट्र शासनात उच्चश्रेणी लघुलेखकाला मिनिटाला १२० शब्दांची गती लागते, निम्नश्रेणीला १००, लघुटंकलेखकाला ८०. १२० म्हणजे सेकंदाला दोन शब्द. एवढ्या वेगात जाडी राखायला मऊ पेन्सिल किंवा लवचीक निब हवी. बॉलपेनने ती नीट साधत नाही. ‘पाप’ आणि ‘बाप’ यांत फरक पहिल्या रेघेच्या जाडीचाच असतो. घाईत ती बारीक पडली, तर टाइप करताना संदर्भ लावून बाप ओळखावा लागतो. म्हणून घेतलेले डिक्टेशन, बोलणे कानात ताजे आहे तोवर, टाइप केलेले बरे.

खरी कसोटी या रेघा परत वाचण्याची आहे. पिटमनने रेघा दिल्या. घाईत पडलेल्या त्या रेघांतून बोलणाऱ्याचे नेमके वाक्य परत उभे करणे हे स्टेनोच्या कानाचे आणि भाषेच्या जाणकारीचे काम. कोर्टात माणसाचे भवितव्य ठरवणारा निकाल कागदावर येतो, तेव्हा ही जाणकारी न्यायदानाच्या कामात थेट सहभागी असते. लघुलेखकाला नुसता उतरवून घेणारा समजणे म्हणूनच चूक आहे.