उरलेल्या तुकड्यांची मोटार

मोटारीचा इतिहास म्हणजे कारखानदारांचा इतिहास, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आज मी जिच्याविषयीं बोलणार आहें ती मोटार मात्र कोणत्याहि कारखान्यांतून तयार होऊन बाहेर पडत नाहीं, आणि तिची लांबी एका वितीहूनहि कमी असते. अमेरिकेंतील 'हॉट रॉड' नांवाच्या गाडीची ही प्लॅस्टिकची प्रतिकृति होय. तीहि विकतच्या एका संचांतली नव्हे, तर अनेक संचांतून उरलेले भाग जुळवून घरींच केलेली.

प्रथम मूळ गाडीकडे वळूं. हेन्री फोर्डच्या कारखान्यानें १९०८ ते १९२७ या काळांत 'मॉडेल टी' जातीच्या दीड कोटींवर गाड्या बनविल्या. त्या जुन्या होऊन भंगारांत जाऊं लागल्या. इतक्यांत १९३२ सालीं फोर्डनेंच आठ नळकांड्यांचें, पासष्ट अश्वशक्तीचें इंजिन सामान्य माणसाच्या गाडींत बसविलें. मग कॅलिफोर्नियांतील तरुणांनीं दोहोंचा मेळ घातला. जुनी हलकी गाडी स्वस्तांत घ्यावी, तिचे मडगार्ड, टप, बंपर असें वजन वाढविणारें सर्व काढून टाकावें, मोडलेल्या दुसऱ्या गाडीचें जोरदार इंजिन आंत बसवावें, आणि म्युरॉक येथील कोरड्या तलावाच्या सपाट तळावर ती वाऱ्यासारखी सोडावी! १९३७ सालीं या मंडळांची एक संघटना स्थापन झाली. महायुद्धानंतर यंत्रविद्येंत हात बसलेले अनेक सैनिक घरीं परतले, तेव्हां या छंदाला भर आला. १९४८ च्या जानेवारींत त्याला वाहिलेलें 'हॉट रॉड' मासिक निघालें. परंतु शर्यती सार्वजनिक रस्त्यांवरहि होऊं लागल्या होत्या, आणि त्यामुळें लोकांत भय व रोष पसरला होता. शर्यत रस्त्यावरून काढून नियमबद्ध मैदानावर न्यावी, या हेतूनें वॅली पार्क्स यांनीं १९५१ सालीं राष्ट्रीय संघटना उभी केली.

ज्या मुलांना अशी गाडी बाळगण्याचें वय नव्हतें, अथवा ऐपत नव्हती, त्यांचें काय? त्यांचें उत्तर मिशिगन राज्यांतील ए. एम. टी. या कंपनीकडून आलें. मोटारविक्रेत्यांच्या दुकानांसाठीं नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृति बनविणें हा तिचा मूळ धंदा. १९५८ सालीं तिनें सुट्या भागांचे संच विकावयास काढले. प्रत्येक संचापासून तीन प्रकारची गाडी करतां येई: कारखान्यांतून येते तशी, हौसेनें नटविलेली, किंवा शर्यतीची. कंपनीचा उद्देश विक्रीचा होता. पण त्यांतून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न झाली. मुलानें तिहींपैकीं एक गाडी पुरी केली, कीं उरलेल्या दोहोंचीं चाकें, इंजिनाचे भाग, बंपर हें सारें डब्यांत शिल्लक राही. चार संच झाले, कीं डबा भरला. आणि मोठ्यांना भंगारखान्यांत जें मिळे, तें लहानांना टेबलाच्या खणांत मिळूं लागलें.

हे तुकडे जुळविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. बहुतेक संच पंचविसांश प्रमाणाचे असत. १९३२ च्या फोर्डच्या दोन आंसांमधील १०६ इंचांचें अंतर त्यांत सुमारें सवाचार इंच होतें. मोनोग्रॅम कंपनीचे पुष्कळ संच मात्र चोविसांश प्रमाणाचे. फरक शेंकडा चारांचा. चाकांत तो खपतो, पण इंजिन व त्याची बैठक यांत लगेच आडवा येतो. टप तीन इंच उतरवावयाचा म्हणजे येथें तीन मिलिमीटर कापावयाचे. कांचेभोवतालचे खांब तिरपे असतील, तर वरचा भाग खाली आणतांच तो खालच्या खांबांशीं जुळेनासा होतो. मग टप मध्यें चिरून रुंद करावा लागतो, किंवा खांब अधिक कलते करावे लागतात. खऱ्या गाडीच्या कारागिरालाहि हीच अडचण येते. सांधे लांबीनें भरून कागदानें घासावयाचे. आणि संचाच्या चौकटीची टाकाऊ काडी मेणबत्तीच्या धगीवर तापवून ताणली, कीं केसासारखी तार निघते, ती इंजिनाच्या विजेच्या तारा म्हणून लावावयाची. मात्र जोडण्यापूर्वीं प्रत्येक भाग कोरडाच बसवून पाहणें अवश्य. कारण या कामाचा चिकटद्राव प्लॅस्टिकला विरघळवून एकजीव करतो, आणि मग तो सांधा पुन्हां सुटत नाहीं.

या कलेचा प्रवास खेळण्यापुरता राहिला नाहीं. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटांतील अवकाशयानांचे पृष्ठभाग बाजारी संचांतील शेंकडों सुटे भाग चिकटवूनच सजविले होते.

कोणी म्हणेल, दुसऱ्यानें ओतलेले तुकडे जोडण्यांत निर्मिति ती कसली? आपल्याकडील गोधडी पाहा. तिच्यांतला एकहि तुकडा शिवणारीनें विणलेला नसतो. तरी कोणता तुकडा कोणाशेजारीं बसवावा हा निर्णय तिचाच, आणि ऊबहि त्या निर्णयाचीच. संचाबरोबर येणारा कागद पुढचें पाऊल सांगतो. उरलेल्या तुकड्यांच्या डब्यांत असा कागद नसतो. तेथें मुलाला स्वतः विचार करावा लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं हॉट रॉड ही गरजेंतून जन्मलेली गाडी होती. त्या काळच्या नामांकित गाड्या आज श्रीमंत संग्राहकांच्या दालनांत आहेत, आणि ज्या वर्गानें त्या घडविल्या त्या वर्गातील तरुणाच्या आटोक्यांत त्या राहिलेल्या नाहींत. कित्येक तर शर्यत संपल्यावर पुन्हां मोडून दुसऱ्या गाडींत गेल्या. थोड्या पैशांत, टाकलेल्या वस्तूंतून, स्वतःच्या हातानें आपल्या मनाजोगें यंत्र उभें करण्याची त्यांची रीत मात्र या वितीएवढ्या प्रतिकृतींत शिल्लक आहे. घरांतील मुलाच्या खणांत असा मोडक्यातोडक्या भागांचा डबा आढळला, तर केर म्हणून तो टाकून देण्यापूर्वीं त्यानें त्यांतून काय करावयाचें योजिलें आहे, एवढें त्याला अवश्य विचारावें.