इंधन अंतःक्षेपणाचे समयन, डीझेल एंजिनातील

डीझेल एंजिनाच्या सिलिंडरात इंधनाचा फवारा नेमक्या कोणत्या क्षणी शिरावा हे ठरवून त्याप्रमाणे इंधन पंप बसविण्याच्या क्रियेस अंतःक्षेपणाचे समयन म्हणतात. कारागिरांच्या भाषेत ‘पंपाचे टायमिंग लावणे’ ते हेच. पेट्रोल एंजिनात ज्वलनाचा प्रारंभ ठिणगीने होतो. डीझेल एंजिनात ठिणगी नसते; दाबल्यामुळे तापलेल्या हवेत शिरलेले इंधन आपोआप पेट घेते. त्यामुळे ज्वलनाची वेळ राखण्याची जबाबदारी सर्वस्वी पंपावर येऊन पडते.

शिरलेले इंधन तत्क्षणी पेटत नाही. थेंबांची वाफ होऊन ती हवेत मिसळण्यास थोडा अवधी लागतो, म्हणून दट्ट्या सर्वोच्च स्थानी पोहोचण्यापूर्वीच फवारा सुरू करावा लागतो. उदा., किर्लोस्कर कंपनीच्या टीव्ही१ या एक सिलिंडरी, ५.२ किवॉ. शक्तीच्या व मिनिटाला १,५०० फेरे करणाऱ्या एंजिनात (संपीडन गुणोत्तर १७.५ : १) हे समयन सर्वोच्च स्थानापूर्वी २३° इतके ठेवतात. या वेगाला भुजादंड एका सेकंदात ९,००० अंश फिरतो; म्हणजे २३ अंशांचा अवधी अडीच मिलिसेकंदांहून किंचित अधिक भरतो. फवारा फार लवकर सुरू झाल्यास हवा पुरेशी तापलेली नसते, न पेटलेले इंधन साचते व मग एकदम भडकते. एंजिन ठोके देते आणि दट्ट्या व धारवे यांवर अवाजवी ताण येतो. उशीर झाल्यास दट्ट्या खाली जात असताना ज्वलन रेंगाळते; धूर वाढतो, निष्कास वायू अधिक तापतात आणि तेवढ्याच कामाला जास्त तेल जळते. विहिरीवरील एंजिनाच्या बाबतीत या तेलाचा भुर्दंड शेतकऱ्याला हंगामभर सोसावा लागतो.

रूडोल्फ डीझेल यांच्या १८९७ साली आउग्सबुर्ख येथे यशस्वी ठरलेल्या एंजिनात इंधन उच्च दाबाच्या हवेच्या झोताबरोबर आत फेकले जाई. त्यासाठी स्वतंत्र हवा-संपीडक लागे. तो अवजड, महाग आणि एंजिनाच्याच शक्तीचा काही भाग खाणारा होता. वीजकेंद्रात वा जहाजावर तो चालून जाई, पण मोटारगाडीत किंवा शेतावर त्याला जागा नव्हती. हवेविना, केवळ पंपाच्या दाबाने इंधन फवारण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. त्यांत इंग्लंडमधील व्हिकर्स कंपनीचे जेम्स मकेक्नी यांचे १९१० चे काम व जर्मनीत बेंझ कंपनीत प्रॉस्पर लोरांज यांनी पूर्वज्वलन कक्षावर केलेले काम महत्त्वाचे आहे.

या प्रश्नाचा व्यवहार्य उलगडा रॉबर्ट बॉश यांच्या श्टुटगार्ट येथील कारखान्यात झाला. तेथे १९२२ मध्ये काम हाती घेण्यात आले व १९२७ मध्ये पंपांचे नियमित उत्पादन सुरू झाले. या पंपात कॅमने वर ढकललेला प्लंजर नळकांड्यातील छिद्र झाकतो आणि तेथून दाब चढू लागतो. प्लंजरच्या अंगावर तिरपी खाच असते. ती छिद्रासमोर आली की दाब सुटतो. दंतपट्टीने प्लंजर फिरविला असता खाच लवकर वा उशिरा समोर येते व इंधनाचे परिमाण बदलते. पण प्रारंभाचा क्षण ढळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते पंपाच्या दाबापेक्षाही हा गुण अधिक दूरगामी ठरला. समयन ही आता केवळ भूमितीची बाब झाली. ती प्रचक्रावर एका रेघेने नोंदविता येऊ लागली आणि म्हणूनच कारखान्याबाहेरच्या कारागिराच्या आवाक्यात आली.

महाराष्ट्रात याचा प्रत्यय विहिरीवर आला. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगलोर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी (‘मायको’, २००८ पासून बॉश लिमिटेड) निघाली व पुढे तिने नासिक येथे नोझलांचा कारखाना काढला. वीज न पोहोचलेल्या गावांत मोटेची जागा या एंजिनांनी घेतली. नागपूर, काटोल, वरूड या भागांतील संत्र्याच्या बागांना विहिरीचेच पाणी द्यावे लागे. एंजिन ठराविक वेगाने चालत असल्याने वेगानुसार समयन बदलणारी यंत्रणा लागत नसे. एकदा नीट लावलेले टायमिंग दीर्घकाळ टिके.

ते लावण्याची रीत अशी : पंपाची दाबनळी सोडवून इंधनातील हवा काढून टाकतात. मग दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, म्हणजे संपीडनाच्या धावेत, प्रचक्र चालीच्याच दिशेने सावकाश फिरवितात. उलट फिरविल्यास दंतचक्रांमधील ढिलाईमुळे माप चुकते. पंपाच्या तोंडाशी दिसणारे तेल हलू लागते तो क्षण छिद्र झाकले गेल्याचा होय. त्या वेळी प्रचक्रावरील रेघ खुणेशी जुळली पाहिजे. ६० सेंमी. व्यासाच्या प्रचक्रावर एक अंश म्हणजे परिघावर सुमारे ५ मिमी. अंतर, त्यामुळे डोळ्यालाही चूक दिसते. फरक आढळल्यास पंपाच्या बैठकीखालील पातळ पत्र्या बदलतात. पत्री वाढविली की नळकांडे वर उचलले जाते, प्लंजरला छिद्र झाकण्यास वेळ लागतो व समयन मागे पडते; पत्री काढली की ते पुढे येते.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. रेघ जुळली तरी नोझल त्याच क्षणी उघडत नाही. दाबाची लहर नळीतून सेकंदाला सुमारे १,४०० मी. वेगाने जाते, ६० सेंमी. लांबीच्या नळीत तिला लागणाऱ्या वेळात वरील एंजिनाचा भुजादंड जवळजवळ ४° फिरतो. म्हणून फुटलेल्या नळीऐवजी हाताशी असलेली कमीअधिक लांबीची नळी जोडली, तर खूण बरोबर असूनही टायमिंग चुकलेले असते.

अनेक सिलिंडरांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडराचा फवारा समान अंतराने यावा लागतो. नागपूरच्या मोतीबाग शेडमधील झेडडीएम-४ए या अरुंदमापी (७६२ मिमी.) एंजिनांत माक बनावटीचे सहा सिलिंडरी, ७०० अश्वशक्तीचे चारधावी डीझेल एंजिन होते, अशा रचनेत दर १२०° ला एक फवारा येतो. या परिसरातील अरुंदमापी लोहमार्गांपैकी नागपूर–छिंदवाडा मार्ग २०१५ साली व नागपूर–नागभीड मार्ग २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाला. मोतीबाग येथे २००२ पासून अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय आहे.

मोटारगाड्यांत वेग सतत बदलतो, म्हणून तेथे प्रथम केंद्रोत्सारी आणि नंतर तेलाच्या दाबाने चालणारी समयन-यंत्रणा आली. १९९७ पासून मोटारींत प्रचारात आलेल्या समाईक दाबनळीच्या (कॉमन रेल) पद्धतीत दाब निर्माण करणे व फवारा सोडणे ही कामे वेगळी झाली. भुजादंडाची स्थिती संवेदक सांगतो आणि फवाऱ्याचा क्षण संगणक ठरवितो. एका धावेत अनेक छोटे फवारेही देता येतात. समयन मागे नेल्यास नायट्रोजनाची ऑक्साइडे घटतात पण धूर वाढतो, हा जुना पेच या सोयीमुळे बराच सैल झाला. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले भारत स्टेज ६ हे उत्सर्जन मानक अशा नियंत्रणाविना गाठणे डीझेल मोटारींना अशक्यप्राय होते. या एंजिनांत कारागिराने जुळवावी अशी रेघ उरलेली नाही. दोष शोधण्यासही संगणकी उपकरण लागते. विहिरीवरील जुन्या एक सिलिंडरी एंजिनाचे टायमिंग मात्र अद्याप पत्र्या घालून व काढूनच लावले जाते.