छप्पर, वय आणि वादळ : घरविम्याच्या इतिहासातील एक जुना वाद

विमापत्र हा साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचावा असा मजकूर आहे, असे म्हटले तर अनेकांच्या भुवया उंचावतील. परंतु गेल्या साडेतीनशे वर्षांत ज्या मजकुराच्या एकेका शब्दावरून माणसांची घरे उभी राहिली किंवा उघडी पडली, असा दुसरा गद्यप्रकार सहजी सापडणार नाही. त्यातही घराच्या छपराविषयीची कलमे विशेष लक्षणीय आहेत. भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. छप्पर मात्र दर वर्षी उन्हापावसाने थोडेथोडे झिजत असते आणि एखाद्या रात्री वादळाने एकदम उडूनही जाते. झीज ही काळाची करणी. वादळ ही घटना. विमा घटनेचा असतो, काळाचा नसतो. आणि छपरावर या दोहोंची गाठ पडते. जुने छप्पर वादळात उडाले, तर ते वादळाने उडाले की वयाने? भरपाई जुन्या छपराची द्यायची की नव्या? घरविम्याच्या इतिहासातील बराचसा झगडा या दोन प्रश्नांभोवती फिरत आलेला आहे. त्या झगड्याची काही वळणे येथे तपासावीत, असा आमचा हेतू आहे.

आरंभ अर्थातच आगीपासून होतो. लंडनमध्ये गवताने शाकारलेल्या छपरांवर १२१२ सालीच बंदी आली होती. तरीही २ सप्टेंबर १६६६ रोजी पुडिंग लेनमधील एका भट्टीत लागलेली आग चार दिवस धुमसत राहिली आणि तेरा हजारांवर घरे भस्मसात झाली. १६६७ च्या पुनर्बांधणी कायद्याने नवी घरे विटांची किंवा दगडाची असावीत असे ठरवले. पुढे १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन या वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या, पण घरबांधणीत रमलेल्या गृहस्थाने घरांच्या आगविम्याचे कार्यालय उघडले. त्याचा दर बोलका होता. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के, तर लाकडी घराला पाच टक्के. घर कशाचे बांधले आहे, हा त्या दिवसापासून पैशाच्या भाषेतला प्रश्न झाला. पुढे तीच नजर छपराकडे वळली आणि ते गवताचे की कौलांचे, यावर हप्ता ठरू लागला. राजाज्ञेने जे चारशे वर्षांत पुरते साधले नव्हते, ते हप्त्याच्या दराने हळूहळू साधत गेले. मात्र त्याची दुसरी बाजूही तेथेच दिसते. ज्याला विटा परवडत नव्हत्या, त्यालाच दुप्पट हप्ता भरावा लागे.

अमेरिकेतही हीच चाल दिसते. बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७५२ मध्ये फिलाडेल्फियात परस्पर आगविम्याची संस्था काढली. घराची पाहणी केल्यावाचून ही संस्था विमा उतरवीत नसे. पुढे घरासमोरील झाडांमुळे आग विझवण्यास अडथळा येतो म्हणून तिने अशी घरे नाकारली. तेव्हा झाडे राखू इच्छिणाऱ्यांनी १७८४ मध्ये स्वतःची वेगळी संस्था स्थापन केली. विमा हा कोणते घर राहण्याजोगे, कोणते नाही याविषयीचा समाजाचा निवाडाही असतो, हे या लहानशा प्रसंगातून ध्यानात यावे.

एकोणिसाव्या शतकात मात्र प्रत्येक कंपनीचे विमापत्र निराळे, अक्षर बारीक आणि अटी अगणित अशी स्थिती होती. न्यूयॉर्क राज्याने १८८० च्या दशकात एकच प्रमाण आगविमापत्र ठरवून दिले. १९४३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि ती बहुतेक राज्यांनी उचलली. एकशे पासष्ट ओळींच्या या मजकुराचा गाभा एका संज्ञेत होता : ‘प्रत्यक्ष रोख मूल्य’. नुकसानीच्या क्षणी वस्तूचे जे प्रत्यक्ष रोख मूल्य असेल तेवढेच कंपनीने द्यावे. आणि ती रक्कम त्याच जातीच्या व प्रतीच्या मालाने दुरुस्त करण्याच्या खर्चाहून अधिक असू नये. दुरुस्तीविषयक कायद्यामुळे वाढलेला खर्चही या करारातून वगळलेला होता. मात्र ‘प्रत्यक्ष रोख मूल्य’ म्हणजे काय, याची व्याख्या त्या मजकुरात कोठेच नव्हती.

या मौनाचा अर्थ लावण्याचे काम न्यायालयांवर आले. १९२८ चा न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयातील खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. माल्ट तयार करण्यासाठी बांधलेल्या इमारती जळाल्या होत्या. पण आगीपूर्वीच दारूबंदीमुळे त्यांचा मूळ उपयोग संपला होता. मालकाचे म्हणणे, नवी इमारत बांधण्याचा खर्च घ्या आणि त्यातून झीज वजा करा. कंपनीचे म्हणणे, बाजारात तिला जी किंमत आली असती तीच द्या. न्यायालयाने दोन्ही सूत्रे एकेकटी अपुरी ठरवली आणि मूल्य सांगणारा प्रत्येक पुरावा विचारात घ्यावा असा दंडक घातला. म्हणजे वस्तूचे मूल्य तिच्या विटांत किंवा तिच्या वयात सामावलेले नसते, तर ती ज्या जगात उभी आहे त्या जगाशी तिच्या असलेल्या नात्यात असते. संहिता आणि संदर्भ यांच्या नात्याविषयी आपण वर्गात जे बोलतो, त्याच्या जवळचेच हे तत्त्व आहे.

तथापि सामान्य कुटुंबासाठी प्रश्न याहून सरळ होता. वीस वर्षे टिकणारे छप्पर पंधराव्या वर्षी उडाले, तर घसारा वजा करून खर्चाचा चतुर्थांश हाती येणार. पण चतुर्थांश छप्पर कोणी बांधून देत नाही. पाऊस अडवायचा तर पूर्ण छप्परच लागते. या पेचातून दुसऱ्या महायुद्धानंतर ‘पुनःस्थापना खर्चा’चे तत्त्व घरविम्यात रुजले. १९५० मध्ये अमेरिकेत आग, वादळ, चोरी, परदायित्व असे निरनिराळे विमे एकाच पत्रात गुंफणारी घरमालकाची पॉलिसी निघाली आणि नव्या गृहकर्जांबरोबर ती घरोघरी पोहोचली. नव्या तत्त्वानुसार जुन्याच्या जागी नवे देण्याचे वचन होते. घसारा वजा होत नव्हता. मात्र बहुतेक करारांत आधी घसारा वजा केलेली रक्कम मिळते आणि काम प्रत्यक्ष पुरे झाल्यावरच उरलेला भाग हाती पडतो. ज्याच्याजवळ मधल्या काळात घालायला पैसे नाहीत, त्याचे वचन अर्धेच राहते.

या वचनाची खरी परीक्षा वादळांनी घेतली. २४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ हे चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळले. पाहणीत जे आढळले त्याने बांधकामक्षेत्राची अब्रू गेली. अनेक घरांच्या छपरांचे प्लायवूड खिळ्यांऐवजी पिनांनी टाचलेले होते, त्यांतल्या कित्येक पिना खालच्या लाकडात शिरल्याच नव्हत्या. छप्पर गेले की आत पाऊस येई, आणि मग घरातले सर्वच जाई. विमा उतरवलेले नुकसान पंधरा अब्ज डॉलरांच्या घरात गेले. अनेक लहान कंपन्या बुडाल्या. त्यातून १९९३ मध्ये राज्याचा चक्रीवादळ निधी, २००२ मध्ये राज्यव्यापी कडक इमारत-संहिता आणि त्याच वर्षी ‘सिटिझन्स’ ही सरकारी पाठबळाची विमासंस्था अशा व्यवस्था उभ्या राहिल्या. चक्रीवादळाच्या नुकसानीत विमेदाराने स्वतः सोसायचा वाटा ठरीव रकमेऐवजी घराच्या विमामूल्याच्या टक्केवारीत मोजण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली.

ऑगस्ट २००५ मधील ‘कॅटरिना’ने वेगळा प्रश्न पुढे आणला. वाऱ्याचे नुकसान घरविम्यात असते. पुराचे नसते, त्यासाठी १९६८ पासून केंद्र सरकारची स्वतंत्र योजना आहे. ज्या घराचा केवळ चौथरा उरला, त्याचे छप्पर वाऱ्याने नेले की समुद्राच्या लोंढ्याने, हे कोण सांगणार? काही विमापत्रांत असे कलम होते की वगळलेले कारण दुसऱ्या कारणासोबत वा त्याच्या मागेपुढे घडले, तरी भरपाई मिळणार नाही. काही न्यायालयांनी हे कलम जसेच्या तसे मानले. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००९ मध्ये म्हटले की पाणी येण्यापूर्वी वाऱ्याने जे नेले, ते त्या क्षणीच देय झाले. नंतर आलेले पाणी ते देणे धुऊन नेऊ शकत नाही. घटनाक्रमाला अर्थ असतो, कथानकातल्यासारखाच, हे येथे कायद्याने मान्य केले.

याहून सूक्ष्म वाद घसाऱ्याचाच आहे. छपराच्या शिंगल झिजतात हे कोणीही मान्य करील. पण ते बसवणाऱ्या माणसाचे श्रम झिजतात काय? प्रत्यक्ष रोख मूल्य काढताना कंपन्या मालाबरोबर मजुरीवरही घसारा लावू लागल्या. आर्कान्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे अमान्य केले. मजुरी जुनी होत नाही, असा त्याचा आशय. नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उलट कौल दिला : छप्पर ही माल आणि श्रम यांची एकजीव वस्तू आहे, आणि झिजते ती वस्तू. दोन्ही युक्तिवाद आम्हांला वजनदार वाटतात. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. जिथे शब्द मोघम आहे तिथे त्याचा अर्थ मजकूर लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हा करारांच्या वाचनाचा जुना नियम आहे, कारण विमेदाराला शब्द निवडण्याची संधी कधीच मिळालेली नसते. लेखकाचा हेतू आणि वाचकाचा अधिकार यांच्या वादात कायद्याने येथे वाचकाची बाजू घेतलेली आहे.

परंतु अर्थाच्या लढाईत हरलेला पक्ष पुढच्या वर्षी मजकूरच बदलू शकतो, आणि तसेच घडत आले आहे. गारपिटीच्या राज्यांत पत्र्याच्या छपराला केवळ पोचे पडले, गळती नसेल, तर ते ‘दिखाऊ’ नुकसान म्हणून वगळणारी कलमे आली. छपराच्या वयानुसार भरपाईचे कोष्टक जोडले जाऊ लागले. म्हणजे १९५० नंतर दिलेले वचन छपरापुरते हळूच मागे घेतले गेले. दुसऱ्या बाजूला फ्लोरिडात, बारा महिन्यांत एखाद्या छपराचा पंचवीस टक्क्यांहून अधिक भाग दुरुस्त करावा लागल्यास ते सारे छप्पर नव्या संहितेनुसार करावे, असा नियम होता; त्याच्या आधाराने किरकोळ नुकसानीतून पूर्ण नव्या छपराचे दावे उभे राहिले, खटल्यांचा पूर आला, आणि कंपन्या जुन्या छपरांची घरे नाकारू लागल्या. मे २०२२ मध्ये तेथील विधिमंडळाने हा नियम सैल केला : २००७ च्या किंवा त्यानंतरच्या संहितेनुसार बांधलेल्या छपराचा केवळ दुरुस्त होणारा भाग नव्या नियमांत बसवला तरी पुरे. त्याच वेळी, पंधरा वर्षांहून कमी वयाच्या छपराचे घर केवळ वयासाठी नाकारता येणार नाही, आणि त्याहून जुन्या छपराचे किमान पाच वर्षांचे आयुष्य शिल्लक असल्याचे तपासणीत दिसले तर तेही वयाच्या सबबीवर नाकारता येणार नाही, असे ठरले. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने खटल्यात जिंकलेल्या विमेदाराला कंपनीकडून वकिलाचा खर्च मिळण्याची सोय काढून घेतली. एका हाताने दिलेले संरक्षण आणि दुसऱ्या हाताने काढलेले शस्त्र, असा हा तोल आहे.

मराठी वाचकाला या इतिहासाचे काय, असा प्रश्न रास्त आहे. मराठीत ‘शाकारणे’ हे क्रियापद आहे. मृगापूर्वी कौले उतरवून, फुटकी बदलून, पुन्हा रचण्याचा कोकणातला वार्षिक परिपाठ त्यात साठवलेला आहे. शाकारणी ही घरधन्याची जबाबदारी, वादळ हे कोणाच्याच हातचे नव्हे, हा भेद आपल्या भाषेला विम्याच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होता. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगड-रत्नागिरीतील घरांवरची कौले आणि पत्रे उडवले, तेव्हा बहुतेक कुटुंबांचा आधार सरकारी मदत आणि शेजार हाच होता. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाण पॉलिसी देणे बंधनकारक केले. तिच्यात वादळ, पूर, भूकंप मूळ करारातच आहेत, वारा आणि पाणी एकाच पत्रात आहेत, आणि विमामूल्य घर नव्याने बांधण्याच्या खर्चावर ठरते. फ्लोरिडा आणि मिसिसिपीने जे प्रश्न खटल्यांतून सोडवले, त्यांतले काही येथे मजकूर लिहितानाच सोडवलेले दिसतात, ही आमच्या मते मोठी गोष्ट आहे.

मात्र याच परिभाषेत गवत, झावळ्या, बांबू किंवा ताडपत्रीचे छप्पर असलेले घर ‘कच्चे बांधकाम’ या वेगळ्या वर्गात पडते. बार्बनच्या दरपत्रकातली ती जुनी रेघ आजही पुसलेली नाही. फक्त विटा आणि लाकूड यांच्या जागी पक्के आणि कच्चे हे शब्द आले आहेत. ज्याचे छप्पर सर्वांत आधी उडते, त्याच्यापाशी विमापत्र सर्वांत शेवटी पोहोचते. तोवर विम्याच्या मजकुराचे वाचन साहित्याच्या वर्गातही व्हावे, अशी आमची भूमिका आहे. कारण ‘मूल्य’, ‘झीज’ आणि ‘घटना’ या शब्दांचे अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न जितका आपला आहे तितकाच त्या घरातल्या माणसांचा.