पडद्यावरील सीपीआर व प्रथमोपचार

पडद्यावरील सीपीआर व प्रथमोपचार : हृदयक्रिया बंद पडलेल्या, बुडालेल्या, साप चावलेल्या किंवा जखमी माणसावर होणाऱ्या तातडीच्या उपचारांचे चित्रपट व दूरचित्रवाणी मालिकांतील चित्रण. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून व गरजेप्रमाणे श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणे, प्रत्यक्ष पाहण्याची वेळ फार थोड्यांवर येते. बाकीच्यांच्या मनातले त्याचे चित्र पडद्यानेच घडवलेले असते आणि प्रसंग ओढवला की हात त्याच चित्राप्रमाणे चालतात. म्हणून डॉक्टरांनी या दृश्यांचा रीतसर अभ्यास केला आहे.

बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे विल्यम काउवेनहोवेन, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर यांनी १९६० साली दाखवून दिले. आजची पद्धत अशी : रुग्णाला कडक जागेवर उताणे झोपवायचे, शेजारी गुडघे टेकायचे, तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या मध्यभागी ठेवून त्यावर दुसरा हात ठेवायचा, कोपरे ताठ ठेवायची आणि खांद्यांतून सगळे वजन टाकत मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचे. प्रौढांत छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर यायला हवी. बरगड्या मोडतात, मोडल्या तरी थांबायचे नसते. दोन मिनिटांत दाबणारा घामाघूम होतो, म्हणून माणसे आलटूनपालटून दाबतात.

पडद्यावर यातले जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि त्याला एक सबळ कारण आहे. समोर झोपलेल्या नटाचे हृदय चालू असते. त्याच्यावर खरा दाब दिला तर त्याला इजा होईल. म्हणून दाबणारा नट कोपरात हात वाकवतो आणि स्वतःच खालीवर होतो. छाती जागची हलत नाही. जवळून चित्रीकरण करायचे तर पुतळा वापरता येतो, कॅमेरा खांद्यांवर ठेवून हात चौकटीबाहेर सोडता येतात. वाकलेली कोपरे मात्र प्रेक्षक जशीच्या तशी उचलतो, आणि तशा हातांनी खऱ्या छातीवर पुरेसा दाब पडत नाही.

या विषयावरचा गाजलेला अभ्यास सुसान डीम, जॉन लँटोस व जेम्स टुल्स्की यांनी १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. ‘ईआर’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू ९११’ या मालिकांच्या ९७ भागांत त्यांना सीपीआरचे ६० प्रसंग आढळले. त्यांतले ७५ टक्के रुग्ण त्या वेळी वाचले आणि ६७ टक्के घरी गेल्याचे सूचित केले होते. अमेरिकेत रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या दहांपैकी साधारण एकच जण वाचून घरी जातो. मालिकांतले रुग्ण बहुतेक मुले व तरुण होते आणि त्यांचे हृदय अपघाताने किंवा इजेने थांबत होते. खऱ्या आयुष्यात असे रुग्ण मुख्यतः वयस्क असतात आणि मूळ दुखणे हृदयाचे असते. या तफावतीचा खरा फटका अतिदक्षता विभागाच्या दारात बसतो. जर्जर आजारी वडिलांना सीपीआर द्यायचा की नाही हे ठरवताना मुलांच्या डोळ्यांसमोर मालिकेतला उठून बसणारा रुग्ण असतो.

विजेच्या झटक्याबाबतचा गैरसमज सर्वांत चिवट आहे. मॉनिटरवरची रेघ सरळ होते, झटका दिला जातो, देह उसळतो आणि रेघ पुन्हा नाचू लागते. प्रत्यक्षात सरळ रेघेवर झटका देत नाहीत. झटका असतो तो हृदय अनियंत्रित थरथरत असताना ती थरथर मोडण्यासाठी. सरळ रेघ असेल तर छातीदाब आणि ॲड्रेनॅलिन. चित्रपटांत माणूस असाच झटपट शुद्धीवर येतो. ‘द अबिस’ (१९८९) मध्ये सर्वांनी हात टेकल्यावर नवरा बायकोवर ओरडतो, तिला थपडा मारतो आणि ती श्वास घेते. ‘कॅसिनो रॉयाल’ (२००६) मधला विषबाधा झालेला बाँड झटका बसताच शुद्धीवर येतो आणि पत्त्यांच्या टेबलावर परततो. ‘पल्प फिक्शन’ (१९९४) मध्ये हेरॉइनने बेशुद्ध झालेल्या नायिकेच्या छातीत सुई खुपसली जाते. चित्रीकरणात सुई बाहेर ओढून ती फीत उलटी चालवली होती. प्रसंग विलक्षण परिणामकारक आहे, पण अशा रुग्णाला लागतो तो श्वासाचा आधार आणि नॅलोक्सोन हा हेरॉइनवरचा उतारा.

हिंदी-मराठी पडद्यावर बुडालेल्याचे पोट दाबून तोंडातून पाण्याची चूळ काढण्याची जुनी रीत आहे. त्यात वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. बुडालेल्याला आधी श्वास हवा. साप चावल्यावर जखमेला तोंड लावून विष चोखणारा नायकही तसाच रुजला आहे. चिरणे, चोखणे, करकचून आवळपट्टी बांधणे हे तिन्ही टाळायचे. अवयव न हलवता रुग्णाला प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात पोहोचवायचे. जिथे शेतात, गोठ्यात, अंधारात साप चावतो, त्या गावांत हे दृश्य माणसाच्या जिवावर उठू शकते.

आणखी एक गोष्ट पडद्यावर क्वचितच येते : हृदय थांबल्यावरही काही मिनिटे रुग्ण आचके देतो. बघणाऱ्याला वाटते श्वास चालू आहे, आणि तो थांबून राहतो. एखाद्या दिग्दर्शकाने एवढे जरी नीट दाखवले तरी फार मोठे काम होईल.

चांगली उदाहरणे विनोदातूनही आली आहेत. ‘द ऑफिस’ या अमेरिकी मालिकेच्या २००९ मधील भागात सीपीआर प्रशिक्षणाचा पार फज्जा उडतो, पण ‘स्टेइंग अलाइव्ह’ या बी जीजच्या गाण्याच्या ठेक्यावर दाबण्याची सूचना बरोबर आहे. त्याची लय मिनिटाला शंभराच्या थोडी वर आहे. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनने २०१२ मध्ये माजी फुटबॉलपटू व्हिनी जोन्सला घेऊन त्याच गाण्यावर जाहिरात केली : मदत बोलवा, जोरात व भरभर दाबा, तोंडाने श्वास देऊ नका. भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी आखलेली पद्धतही केवळ छातीदाबाची आहे. हिंदी चित्रपटांनी प्रणयासाठी किंवा हशासाठी वापरलेला तोंडाला तोंड लावण्याचा प्रसंग, अचानक कोसळलेल्या प्रौढाच्या दृश्यात आता लागतच नाही. बुडालेल्यांसाठी आणि लहान मुलांसाठी मात्र श्वास देणे आजही आवश्यक आहे.