कावडीवरचं स्वयंपाकघर



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंची लेक व्हिएतनामच्या सहलीचे फोटो घेऊन आली होती. आता मुंबईहून तिथे थेट विमान जातं, त्यामुळे आपल्याकडची बरीच मंडळी सुट्टीला तिकडे जातात. देवळं आणि समुद्र बाजूला राहिले, आम्ही सगळ्याजणी खाण्याचेच फोटो बघत बसलो. एका फोटोत फुटपाथवर बुटकं प्लास्टिकचं स्टूल होतं आणि त्यावर वाफाळता वाडगा. मागे बांबूची टोपी घातलेली विक्रेती. वाडगा पुरा आला होता, बाईचा चेहरा मात्र अर्धा कापला गेला होता. आम्ही विचारलं, "ही कोण गं?" ती म्हणाली, "नाव नाही विचारलं, पण चव अजून जिभेवर आहे."

तिचं नाव काही आम्हाला कळणार नाही. पण तो वाडगा तिच्या हाती कसा आला, ते आम्ही वाचून काढलं. तेच आज सांगतो.

व्हिएतनामचा नकाशा पाहा. उत्तरेला तांबड्या नदीचं भातखोरं, दक्षिणेला मेकाँग नदीचं, आणि मध्ये लांबच लांब अरुंद किनारपट्टी. तिथले लोक म्हणतात, आमचा देश म्हणजे भाताच्या दोन टोपल्या लावलेली कावड. खरोखरची कावडही तिथल्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे. एका टोपलीत चूल आणि पातेलं, दुसरीत वाडगे, शेवया, पालेभाजी. खांद्यावरून उतरवली की झालं हॉटेल.

सहलीला गेलेले लोक सगळ्यात आधी मागतात तो 'फो', म्हणजे तांदळाच्या पट्टीसारख्या शेवयांचा रस्सा. हा फार जुना पदार्थ असेल असं वाटतं, पण तो जेमतेम सव्वाशे वर्षांचा. १८५८ मध्ये फ्रेंचांनी दा नांगवर हल्ला केला आणि पुढच्या तीसेक वर्षांत सगळा देश ताब्यात घेतला. तिथला शेतकरी गुरं राखायचा ती मुख्यतः नांगरासाठी. फ्रेंच साहेबांना मात्र गोमांस लागायचं. चांगलं मांस साहेबाच्या ताटात जायचं आणि हाडं उरायची. हनोई आणि नाम दिन्ह भागातल्या फेरीवाल्यांनी ती हाडं रात्रभर उकळली. त्यात भाजलेलं आलं, भाजलेला कांदा, दालचिनी आणि चक्रीफूल घातलं. शेवया चिनी पद्धतीच्या होत्या. दालचिनी आणि चक्रीफूल तर आपल्या गोड्या मसाल्यातलेही. फो हे नाव फ्रेंच शब्दावरून आलं की चिनी, यावर आजही वाद आहे. पण साहेबाच्या उष्ट्या हिश्शातून गरिबाने पोटभर जेवण उभं केलं, ही गोष्ट खरी.

मग उपासमार आली. १९४० पासून जपानी सैन्य देशात होतं. शेतकऱ्यांकडून सक्तीने भात वसूल केला जाई, भाताच्या जमिनीत तागाची लागवड करायला लावली जाई. युद्धामुळे दक्षिणेचा तांदूळ उत्तरेत पोहोचेना, वर पुराने पीक गेलं. १९४४-४५ च्या दुष्काळात उत्तर व्हिएतनाममध्ये किती माणसं गेली, याचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. आपल्या बंगालचा दुष्काळ १९४३ चा, म्हणजे त्याच्याच आगेमागे. ज्या देशाच्या उपमेतच भाताच्या टोपल्या आहेत, तिथे माणसं भातावाचून गेली.

हनोईची अंडं घातलेली कॉफी आज पर्यटक रांग लावून पितात. तीही टंचाईतूनच आली. १९४६ मध्ये दूध मिळेना, तेव्हा हनोईतल्या एका मोठ्या हॉटेलात काम करणाऱ्या माणसाने अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. फेस दुधासारखा दिसला आणि लोकांना आवडला.

१९५४ मध्ये फ्रेंच हरले आणि देशाचे दोन तुकडे झाले. आठ लाखांहून जास्त माणसं उत्तरेतून दक्षिणेत गेली. त्यांच्याबरोबर फो सायगावला पोहोचला. तिथे त्यात मोड आलेले मूग आणि तुळशीच्या जातीचा पाला पडला, चव जरा गोडसर झाली. अशाच एका उत्तरेकडच्या जोडप्याने १९५८ मध्ये सायगावात 'होआ मा' नावाचं दुकान काढलं. फ्रेंच लांबलचक पाव त्यांनी आखूड केला आणि सारण आत भरलं, म्हणजे कामावर जाणाऱ्याला हातात धरून खाता यावं. तोच आज जगभर विकला जाणारा 'बान्ह मी'.

पुढचं युद्ध अमेरिकेशी झालं. सायगावातल्या एका फोच्या दुकानात खाली अमेरिकन सैनिक जेवायचे आणि वरच्या मजल्यावर १९६८ च्या मोठ्या हल्ल्याची गुप्त आखणी चालायची. दुकानाचं नाव होतं 'फो बिन्ह', म्हणजे शांततेचा फो!

उत्तरेत तेव्हा सगळं रेशनवर होतं. सरकारी दुकानात मिळणाऱ्या फोमध्ये मांसाचा तुकडाही नसे. त्याला लोकांनी नाव दिलं 'वैमानिक नसलेला फो', कारण वरून अमेरिकेची वैमानिकाविना उडणारी टेहळणी विमानं फिरत होती. १९७५ मध्ये युद्ध संपलं, देश एक झाला, पण रेशन सुटलं नाही. बाया पहाटे उठून रांगेत आपल्या नावाची वीट ठेवायच्या. भातात कसावाचे कंद आणि रताळी मिसळायच्या. कुणाचा चेहरा पडलेला दिसला की अजूनही तिथे म्हणतात, "तांदळाचं पुस्तक हरवलं की काय?" रॉकेलच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या आयांना हे समजावून सांगायला नको.

१९८६ च्या डिसेंबरमध्ये सरकारने धोरण बदललं. त्याला ते 'दोई मोई' म्हणतात, म्हणजे नूतनीकरण. खासगी धंदा खुला झाला. १९८९ पर्यंत तांदूळ बाहेरून आणणारा देश तांदूळ निर्यात करू लागला. फुटपाथ पुन्हा चुलींनी भरले. आज हनोईत फिरून विकणाऱ्यांत बहुतांश जवळपासच्या खेड्यांतल्या बायका आहेत. घरची शेती पुरत नाही, मुलांच्या शाळेला पैसे लागतात, म्हणून त्या शहरात येतात. आपल्याकडे फेण्यांसाठी ताटलीवर पीठ पसरून वाफवतात, तसं त्या पातेल्याच्या तोंडावर बांधलेल्या फडक्यावर तांदळाचं पीठ पसरतात. पापुद्रा बांबूच्या काडीने अलगद उचलतात आणि सारण भरून गुंडाळी करतात. ती 'बान्ह कुओन'.

आता खरी बोचणारी गोष्ट. २००८ मध्ये हनोई शहराने ६२ रस्त्यांवर फेरीवाल्यांना बंदी केली. रस्ते मोकळे हवेत, शहर नीटनेटकं दिसायला हवं, असं कारण. बायका कावड उचलून गल्लीत पळायच्या, पोलीस गेले की परत यायच्या. २०१६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओबामा हनोईतल्या साध्या दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून 'बुन चा' जेवले. बिल सहा डॉलर झालं आणि जगभर कौतुक झालं. २०२४ मध्ये हनोई आणि नाम दिन्हच्या फोला राष्ट्रीय वारशाचा मान मिळाला. पदार्थाला मान मिळाला याचा आनंदच आहे. पण पदार्थ वारसा आणि तो खांद्यावर वाहणारी अडथळा, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

मैत्रिणींनो, हा हिशेब आपल्या बाजारपेठेतही असाच मांडला जातो. भाकरी-ठेचा 'आपली संस्कृती' म्हणून महोत्सवात मिरवतो आणि एसटी स्टँडबाहेरची भाकरीवाली मात्र हाकलली जाते. आपल्याकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार शहराच्या समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. आपल्या शहरात अशी समिती आहे का, हे नगरपालिकेत जाऊन विचारा.

आणि सुट्टीला व्हिएतनामला गेलात तर मजेत खा. शाकाहारी असाल तर 'चाय' म्हणा. तिथे त्याचा अर्थ चहा नाही, शाकाहारी जेवण. बौद्ध परंपरेमुळे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी ते जास्त ठिकाणी मिळतं. रश्श्यात मासळीचं पाणी घातलंय का, तेही विचारा. चार पैशांसाठी फार घासाघीस करू नका. फोटो काढायचा असेल तर आधी तिला विचारा, आणि ती हो म्हणाली तर वाडग्याबरोबर तिचा चेहराही पुरा येऊ द्या.