पेवातली ज्वारी आणि हातातला रुपया

व्याख्यानांचा मोसम आणि कास्तकाराच्या हिशेबाचा मोसम एकच असतो, ही गोष्ट शहरातल्या श्रोत्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. चैत्र-वैशाखात रान मोकळे पडते. शेवटची वेचणी होऊन पऱ्हाटी उपटलेली असते आणि खळी उठलेली असतात. जुना सालदार ठेवावा की नवा पाहावा, बी कोठून आणावे, सावकाराचे किती फेडावे आणि पुन्हा किती उचलावे, हे सारे याच दिवसांत ठरते. यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास सांगायचा तर लढायांच्या सनावळीपेक्षा या वैशाखी हिशेबावरून सांगावा, असे मला वाटते.

वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. सखल भागात काळी कसदार जमीन, पठारावर हलकी मुरमाड, आणि बहुतेक सारी शेती आभाळाच्या भरवशाची. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, त्यात हाही भाग गेला. पुढे १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नावही वेगळे होते. तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई.

जुन्या हिशेबाचे माप म्हणजे ज्वारी. घरात खाणारी तोंडे किती, बैलांच्या जोड्या किती आणि सालदार किती, यावरून ज्वारी किती पेरायची ते ठरे. सालदाराची मजुरी मुख्यतः ज्वारीत. सुतार, लोहार, चांभार यांचा हक खळ्यावर धान्यात मोजला जाई. कणीस माणसाला आणि कडबा बैलाला, म्हणजे एकाच पिकात मजुरी आणि ओढकामाची शक्ती या दोहोंची तरतूद होत असे. उरलेला दाणा पेवात जाई. पेव म्हणजे कठीण, पाणी न झिरपणाऱ्या जागी खणलेले भुयारी कोठार. तळाला व कडेला कडबा घालून, धान्य भरून तोंड मातीने बंद करीत. पेव उघडले म्हणजे लगेच आत उतरायचे नाही, आतली वाफ जाऊ द्यायची, हे पोरासोरांनाही ठाऊक असे. घाई करणारे जिवानिशी गेल्याच्या हकीकती गावोगाव ऐकू येत. कडेच्या ज्वारीला कुबट वास येई, तरी सुकाळाचा दाणा दुष्काळापर्यंत पोचविण्याचे हे एक चांगले साधन होते.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. धान्यात मजुरी घेणारा सालदार मधल्या महिन्यांत मालकाकडूनच उचल घेई आणि वर्षाअखेर त्याच्याच दाराशी बांधला जाई. सवाई-दिढीने दिलेले धान्य व्याजाच्या रुपयाइतकेच निर्दय असते. तथापि त्या हिशेबात एक गुण होता: बाजार कोसळला तरी चूल विझत नसे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि हा हिशेब पालटू लागला. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, मुंबईत भाव भडकले आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीवर साऱ्यांची नजर वळली. युद्ध १८६५ साली संपले, भावही खाली आले. पण १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला होता आणि कापसाची वाट कायमची खुली झाली होती. यवतमाळकडच्या गाड्या धामणगाव स्टेशनाकडे वळल्या. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या तांड्यांवर माल वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा बसला, आणि त्यांतले पुष्कळजण या जिल्ह्यात शेतीकडे वळले.

येथे एक प्रकरण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. वऱ्हाडात बनी नावाचा लांब धाग्याचा, मऊ कापूस पिकत असे. गिरण्यांना तो हवा होता, म्हणून सरकारच्या कापूस खात्याने त्याच्या बियाण्याचा पुष्कळ पुरस्कार केला. कास्तकार मात्र हळूहळू जरी या आखूड धाग्याच्या वाणाकडे गेला. अधिकाऱ्यांना त्यात कुणब्याचे अज्ञान दिसले. वस्तुतः जरी काटक होती, एकरी अधिक पिके आणि सरकी काढल्यावर तिच्यात रुई अधिक निघे. बनीला व्यापारी जो चढा भाव देई, तो ही तूट भरून काढण्याइतका नसे. मग लांब धाग्याचा अभिमान कास्तकाराने कोणासाठी बाळगावा? त्याला लिहिता येत नसेल, पण उत्पन्न आणि भाव यांचा गुणाकार त्याला नेमका येत होता.

चूक झाली असेल तर ती दुसरीकडे. रुपया दिसू लागल्यावर ज्वारीचे रान कापसाखाली जाऊ लागले. कापसानंतर ज्वारी, ज्वारीनंतर कापूस हा फेर जमिनीला मानवत होता, तो आखडला. सारा रोखीत, सावकार रोखीत, म्हणून पीकही रोखीचे. १८९६–९७ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ १८९९–१९०० चा, ज्याला जुनी माणसे छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. वऱ्हाड श्रीमंत समजला जाणारा मुलूख. तरी दुसऱ्या दुष्काळात येथे माणसे आणि जनावरे फार मेली. लोहमार्ग धान्य आणू शकतो, परंतु ते विकत घेण्याचा पैसा आणू शकत नाही. आणि कडबा नाही म्हणून बैल गेला, म्हणजे पुढच्या वर्षाची पेरणीही गेली.

त्याच सुमारास बाजाराला शिस्त लावण्याचा पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला. शेजारच्या कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. वजनमापे आणि दलाली यांवर देखरेख आली, हे खरे. परंतु बाजार समितीवर भरणा व्यापाऱ्यांचा. पिकविणाऱ्याला तेथे स्थान हवे, हा मुद्दा १९२८ च्या शाही कृषी आयोगाच्या अहवालापर्यंत रेंगाळला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, जिला पुढे लोक शकुंतला म्हणू लागले, तीही कापसासाठीच घातलेली. वाफेचे इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत धावत होते.

ज्वारीचा दिवस पुन्हा एकदा उजाडला तो १९६४ साली. सीएसएच-१ हा संकरित वाण त्या वर्षी आला. याच जिल्ह्यातील पुसद तालुक्यात, गहुली येथे, बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक त्या वेळी मुख्यमंत्री होते, आणि संकरित ज्वारीचा प्रसार त्यांनी मोठ्या हिरिरीने केला. ताट बुटके, पीक लवकर तयार होणारे, उत्पन्न भरघोस. धान्यटंचाईच्या त्या काळात हे थोडे नव्हते. पण कास्तकाराने पुन्हा आपला गुणाकार केला. लवकर पिकणाऱ्या कणसांवर परतीचा पाऊस पडून दाणा काळा पडे, व्यापारी भाव पाडी. पेरणी लांबली की खोडमाशी लागे. भाकरीला जुनी चव नाही, आणि बुटक्या ताटाचा कडबा तो किती? कृषितज्ज्ञ क्विंटलमध्ये मोजत होते. कास्तकार दाणा, कडबा आणि भाव असे तीन रकाने मांडीत होता. या मतभेदात मला तरी कास्तकाराची बाजू अधिक पुरी वाटते.

पुढचा भाग सर्वांच्या माहितीचा आहे. १९९० नंतर ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, २००२ नंतर बीटी कापूस आला. दोन्ही पिके विकण्याची, दोन्हींचे बी दुकानातून आणायचे. कडबा नाही म्हणून बैलजोडी कमी झाली, आणि बैल कमी झाले म्हणून वखर-डवऱ्याचे काम भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेले. खर्चाचा प्रत्येक रकाना रोखीचा झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशभर गेले, आणि १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यांत हा जिल्हा होता. २०१५ साली राज्य सरकारने चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना स्वस्त गहू आणि तांदूळ देण्यास सुरुवात केली. ज्या घराच्या अंगणात एके काळी पेव होते, त्या घरचा कास्तकार थैली घेऊन रेशन दुकानाच्या रांगेत उभा राहिला. त्या थैलीत ज्वारी नव्हती. २०२३ साली ते धान्यही थांबले आणि त्याऐवजी माणशी दरमहा रोख रक्कम बँकेच्या खात्यात जमा करण्याचे ठरले.